आई, मामा आला होता

आई, किसनमामा आला होता.

तुला उचलायच्या आधी आला. हे पहिल्यांदाच सांगून टाकते, नाहीतर तू "मुद्द्याचं बोल" म्हणून माझं बोलणं तोडशील. पण आज तुला मधलं सगळं ऐकावं लागेल. आज तू "बरं, पुढं?" म्हणून मला घाईला आणू शकत नाहीस, आणि खरं सांगू का, तेच मला सहन होत नाहीये.

आपलं भांडण अर्धवट राहिलं. डॉक्टर म्हणाले, "आता घरीच बरं वाटेल त्यांना," आणि आपण दोघी काय समजायचं ते समजलो. तुला पदमपुऱ्याच्या घरी आणलं. दुपारी मी तुझे पाय चेपत होते, तर तू एकदम म्हणालीस, "किसनला कळवशील ना?"

"त्याला कशाला?"

"कशाला म्हंजे? माहेरचं पातळ कोण आणणार?"

माझा हातच थांबला. बाई गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं वस्त्र माहेराहून यावं, भावानं आणावं, ही रीत मला माहीत होती. पण ती तुझ्या तोंडून? तू तर कधी एक उपास धरला नाहीस, सत्यनारायणाला फक्त शिऱ्यासाठी जायचीस. तुला ह्या रीतीचं काय पडलं होतं? आणि आणणार कोण, तर ज्यानं मी चौथीत असल्यापासून तुझं तोंड पाहिलं नाही तो! मी भडकलेच. म्हणाले, "त्याचं पातळ तुझ्या अंगाला लागू देणार नाय मी. आला तर दारातूनच वाटेला लावीन."

"तुला दार लावायची लई घाई असते बघ," म्हणालीस, आणि डोळे मिटलेस. मी मनात म्हटलं, झोपू दे, उद्या भांडू. दुसऱ्या दिवशी तू बोलायच्या पलीकडं गेली होतीस. मामाला आत घ्यायचं की नाही, हे तू माझ्यावर टाकून गेलीस, आणि तुझं खरं मत काय होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

राग येतो गं. अजून येतोय.

घरभर तुझी चित्रं आहेत. कालपासून पाहुणे ती बघतात आणि मला विचारतात, ह्यात अशा तुटक रेघा का? मी किती जणांना सांगू? तुझं माहेर सोयगावकडचं, मेंढरं राखणारं. आपली मेंढरं ओळखू यावीत म्हणून त्यांच्या पाठीवर गेरूची खूण करतात, ते काम आजोबांनी तुझ्याकडं दिलं होतं. तू खुणेवर कुठं थांबतेस! वेलबुट्ट्या काढल्यास. बाजारात गिऱ्हाइकं हसली तेव्हा आजोबा म्हणाले म्हणे, "पोरी, मेंढरू इकायचंय, लगीन नाय लावायचं त्याचं." हे सांगताना तुला इतकं हसू यायचं की पुढचं वाक्य मला कधीच धड ऐकू आलं नाही.

मग त्या आजोबांनीच मेंढरं विकून तुला शिकायला इथं धाडलं. तेव्हाच्या औरंगाबादेत इंजिनिअरिंगच्या वर्गात मुली म्हणजे नावालाच. पुढं वाळूजच्या माळावर एकामागून एक पत्र्याच्या शेड उभ्या राहायला लागल्या, सगळ्या शहराच्या तोंडी कंपनी, शिफ्ट आणि ओव्हरटाइम आले. मुलाखतीत तुला साहेबांनी विचारलं, "बाई, वेळी-अवेळी थांबावं लागलं तर जमेल?" तू म्हणालीस, "साहेब, आमच्याकडं लांडगा वेळ विचारून येत नाही." नोकरी मिळाली. टूलरूममध्ये फिक्श्चरची ड्रॉइंग करायचं काम, म्हणजे मशीनवर तुकडा हलू नये म्हणून त्याला घट्ट धरून ठेवणाऱ्या पकडी. मला लहानपणी हे तू तसंच समजावलं होतंस. माझं मनगट पकडून म्हणालीस, "हे बघ, हे माझं काम."

बाबा गेले तेव्हा मी बालवाडीत होते. मला ते आठवतही नाहीत, आणि त्यांची उणीव भासली असं म्हणावं तर तशी जागाच तू शिल्लक ठेवली नाहीस. सकाळी माझी वेणी घालून, डबा भरून, स्कूटरला किक मारून तू निघायचीस आणि संध्याकाळी परत आलीस की तुझ्या पदराला ड्रॉइंगच्या छपाईचा अमोनियाचा वास असायचा. नाक झोंबायचं, तरी मी त्या पदरात तोंड खुपसायची. मला गोवर आला तेव्हा तू ड्रॉइंगबोर्डच माझ्या खाटेशेजारी आणून मांडलास. एका हातानं रेघ ओढायचीस, दुसऱ्या हातानं मला कडुनिंबाच्या डहाळीनं खाजवायचीस. डोळे उघडले की तू दिसायचीस.

रेघांचं सांगत होते. यंत्राच्या चित्रात जे समोरून दिसत नाही पण आत असतंच, ते तुटक रेघेनं दाखवतात. तुझ्या हाताला ती सवय इतकी लागली की रंगाच्या चित्रांतही तू तेच करायला लागलीस. मेंढी काढलीस की तिच्या पोटातलं कोकरू तुटक रेघेनं. भिंत काढलीस की भिंतीआड चहा पिणारी माणसं तुटक रेघेनं. शाळेच्या चित्रकला स्पर्धेत मी तुझं बघून तशी म्हैस काढली, रेडकासकट. सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "हिची म्हैस फाटली का काय?" मी रडत घरी आले. दुसऱ्या दिवशी तू हेल्मेट हातात धरून शाळेत हजर! "सर, जे आत आहे ते नाही असं कसं म्हणायचं?" सर बिचारे हेल्मेटकडंच बघत राहिले. मला बक्षीस मिळालं नाही ते नाहीच, पण मला त्याचं काहीएक वाटलं नाही.

सुमनमावशी कालपासून इथंच आहे. तुझ्या कपाटातल्या साड्या काढते, वास घेते, परत ठेवते. तुम्ही दोघी कंपनीत एकाच महिन्यात लागलात, ती क्वालिटीत आणि तू टूलरूममध्ये. बायकांसाठी संडासच नव्हता म्हणून दोघी मिळून मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलात आणि मावशी म्हणाली, "आम्ही आता रोज तुमचाच वापरणार, बाहेर शिपाई उभा करा." आठवड्याच्या आत बांधकाम सुरू. तिथून तुमचं जे जमलं ते जमलंच. मावशी बौद्ध घरातली, आपण मेंढरंवाले, आणि दोन्ही घरच्या भाकऱ्या एकाच डब्यात यायच्या. मला ह्यात काही वेगळं आहे हे ठाऊकच नव्हतं. ते मला नामांतराच्या काळात कळलं.

विद्यापीठाच्या नावावरून तेव्हा सगळा मराठवाडा दोन्हीकडं ओढला गेला होता. शहरात मोर्चे, बंद, मधेच संचारबंदी. खेड्यांतून जाळपोळीच्या, मारहाणीच्या बातम्या यायच्या तेव्हा मावशी कामावर गप्प असायची, आणि मावशी गप्प म्हणजे काहीतरी फार वाईट झालंय एवढं मला समजायचं. एका रविवारी ती आपल्याकडं आली. म्हणाली, "मोर्चाला फलक पाहिजे. आमच्या पोरांचं अक्षर म्हंजे नुसता चिखल. तू देशील का करून? नाय म्हणालीस तरी राग नाय येणार, तुझं गाव आहे मागं."

तू म्हणालीस, "कापड आणलंयस का?"

एवढंच. मी तिथंच रंगाची वाटी धरून उभी होते. तू ओसरीत ते लांबलचक कापड अंथरलंस आणि आधी निळ्या खडूनं मधोमध रेघ आखलीस. लांब-आखूड, लांब-आखूड, अगदी यंत्राच्या चित्रात असते तशी मध्यरेषा. तिच्याशिवाय तुझ्या हातून अक्षर उमटायचंच नाही. कडेला अक्षराच्या उंचीचे आकडेही टाकलेस, बाणासकट! मावशी म्हणाली, "अगं बाई, हे मोर्चाचं आहे, मशीनवर चढवायचं नाय. पूस त्या रेघा." तू म्हणालीस, "वाळू दे, मग झटकू." पण पोरं घाईत आली आणि तसंच उचलून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या शहरातून तो फलक फिरला, मध्यरेषेसकट, मापासकट. आपल्या गावचा एक माणूस तुझ्याच कंपनीत पॅकिंगला होता. त्यानं रस्त्याच्या कडेला उभं राहून एक नजर टाकली असेल. अशी रेघ औरंगाबादेत दुसरं कोण मारणार! तू नाव कुठंच घातलं नव्हतंस, आणि तरी चार दिवसांत गावाला कळलं की तो फलक किसनच्या बहिणीनं रंगवला.

मामा आला तो दिवस मला लख्ख आठवतो. नेहमी यायचा तो ओरडतच यायचा, माझ्यासाठी बोरं घेऊन. त्या दिवशी चपलाही न काढता ओसरीच्या कडेला उभा राहिला. तू पाणी दिलंस, ते त्यानं घेतलं नाही.

"अक्का, तो बोर्ड तू केला का?"

"व्हय."

"नाय केला म्हन."

"अक्षर माझं हाय किसन. नाही कसं म्हणू?"

"तुझं हाय ते मलाबी ठावं हाय! पर तू नाय म्हन, मी गावात तसं सांगतो." त्याचा आवाज चढला होता, पण आता वाटतं तो रागापेक्षा भेदरलेला जास्त होता. "कोनी वावरात मेंढरं बसवू देईना. सांगून आलो व्हतो त्या वावरातनंबी उठवलं आमाला. खायचं काय आमी?"

मेंढरं रात्री शेतात बसवायची, शेताला खत मिळतं आणि धनगराला धान्य, ह्यावर त्याचं वर्ष निघायचं. तुला हे माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तू म्हणालीस, "ह्या वर्षाचं धान्य मी देते."

"भीक नगं मला."

"भीक काय त्यात? बहीण नाय का मी तुझी?"

"बहीण आसतीस तर आमचा इचार केला आसता. तुला त्या बाईचा पुळका."

मावशी आत स्वैपाकघरात होती. तिनं सगळं ऐकलं आणि ती बाहेर आली नाही. तू मात्र मामाला म्हणालीस, "तिचीबी माणसं खेड्यातच राहतात, किसन. त्यांची तर घरं जळाली." मामा वळला आणि गेला. त्याही दिवशी आणलेली बोरं त्याच्या हातातून ओसरीवर सांडली होती, ती मी गोळा करत बसले, मला वाटलं तो परत येईल.

नामांतर झालं. शहरात गुलाल, निळे झेंडे, मावशी रस्त्यात नाचली आणि तुलाही ओढून नाचवलं. तुझं माहेर मात्र तुटलं ते तुटलंच. आजोबा गेल्याचं तुला पंधरवड्यानं एस.टी. स्टँडवर गावच्या एका बाईकडून कळलं. त्या दिवशी तू स्वैपाक केलास, माझा अभ्यास घेतलास, आणि मग न्हाणीत जाऊन नळ सोडून बसलीस. भाऊबीजेला गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळायचीस. मी मोठी झाल्यावर दर वर्षी म्हणायची, "आई, एक तर तू जा नाहीतर त्याला शिव्या तरी घाल. हे असं चंद्राबिंद्राला ओवाळणं मला बघवत नाही." तू म्हणायचीस, "ताट धर नीट, तेल सांडेल."

तुला कधी पस्तावा झाला का, हे मी आडून आडून विचारलं, सरळ विचारलं, भांडून विचारलं. तू दर वेळी दुसरंच काहीतरी बोललीस. फलकाचा पस्तावा नव्हता, हे मला पक्कं माहीत आहे, मावशीचा हात तू कधी सोडला नाहीस. पण भावाचं तुला किती दुखत होतं ते तू माझ्यापासून लपवलंस. सगळ्या जगाच्या आतलं तू काढून दाखवलंस, आई, आणि तुझं तेवढं झाकून ठेवलंस.

परवा मी गावाला निरोप धाडला. भडकले होते तरी धाडला. तू सांगितलं होतंस म्हणून, दुसरं काही नाही. आज सकाळपासून माणसं जमली. उन्हं वर आली तरी गावाकडून कुणाचा पत्ता नाही. शेजारच्या काकू कुजबुजल्या, "माहेरचं कुणी नाही का? तसंच न्यायचं?" तेव्हा मावशी पिशवी घेऊन उठली. "मी हाय की माहेरची," म्हणाली. आतून तिनं मोरपंखी साडी काढली. काकू म्हणाल्या, "अहो, विधवेला रंगीत?" मावशी म्हणाली, "रंगातच जगली ती. तुम्ही बाहेर बसा जरा." आम्ही दोघींनी तुला न्हाऊ घातलं, नेसवलं. मावशीनं निऱ्या इतक्या मन लावून घातल्या, जशी तू कामावरच निघाली होतीस. मग पिन लावताना ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्यानं रडली.

तुला अंगणात आणलं आणि फाटक वाजलं. मी ओळखलंच नाही आधी. वाळलेला, कमरेत वाकलेला, डोक्याला पटका, काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी. फाटकाच्या आत एक पाऊल टाकून थांबला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. आई, मी तुला जे म्हणाले होते ते सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. जा म्हणायचं होतं मला. पण त्यानं तुझ्याकडं बघितलं आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं, आणि माझ्या तोंडून नुसतंच "या" निघालं.

मावशी बाजूला झाली. "भाऊ आलाय. मान त्यांचा. माझी काढून त्यांची नेसवू का?"

"नाय," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तुझी निघणार नाय."

मामानं ऐकलं. मान हलवली. "नगा काढू. वरून घाला माजी." आणि कागद सोडला. आत लालभडक डाळिंबी पातळ होतं, जरीच्या काठाचं. काकूंनी तोंडावर पदर घेतला. तो त्यांच्याकडं बघून म्हणाला, "दुकानदार पांढरं काढत व्हता. म्हनलं, अक्काला नाय चालायचं."

पुरुषानं ते घालायचं नसतं, आणि मामी कधीच गेली. पातळ हातावर घेऊन तो उभा राहिला, कुणाकडं द्यावं ते त्याला कळेना. मी जागची हलले नाही. मग तो स्वतः चार पावलं चालत मावशीसमोर गेला आणि म्हणाला, "ताई, तुमच्या हातानं घाला." मावशीनं त्याच्याकडं क्षणभर रोखून बघितलं. ती काही विसरलेली नाही, तिच्या डोळ्यांत दिसत होतं. पण तिनं हात पुढं केले, घेतलं, आणि तुझ्यावर पांघरलं. गळ्यापासून पायापर्यंत, सारखं करून.

अग्नी मी दिला. परत आल्यावर माणसं पांगली. मामा ओसरीवर बसला होता. मी चहा दिला. माझ्यातला राग निवला नव्हता, मी विचारलंच, "इतक्या वर्षांत एकदाही यावंसं वाटलं नाही?"

तो कपाकडं बघत म्हणाला, "येत व्हतो की. छावनीच्या बाजाराला मेंढरं घेऊन यायचो ना. बाजार उरकला की रस्त्याच्या कडंला उभा राहायचो. कंपनी सुटली की अक्का त्याच रस्त्यानं जायची, गाडीवर. कधी तू मागं बसलेली आसायची. पुढं केस पांढरे झाले तिचे. समदं बघितलं मी."

मी म्हणाले, "हाक का नाही मारली?"

"मारली आसती," मामा म्हणाला, "तर थांबली आसती ना ती. मग मी काय बोललो आसतो?"

आई, तो रस्त्याच्या कडेला उभा होता. तू दर वेळी समोरून गेलीस. एक हाक, नुसतं "अक्का" एवढं. तू काही विचारलं नसतंस, मला ठाऊक आहे. तू थांबली असतीस.